सांगोल्याचे पाणी आणि आघाड्यांचा हिशेब

2024 च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघात खरी लढत तिघांत होती. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे मावळते आमदार शहाजीबापू पाटील, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे आणि शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख. पहिल्या दोघांच्या पक्षांचे मूळ नाव एकच होते आणि शेवटचे दोघे एकाच महाविकास आघाडीच्या छत्राखाली वावरणाऱ्या पक्षांचे होते. म्हणजे एकाच घरातून फुटलेले दोन पक्ष समोरासमोर होते आणि एकाच आघाडीतले दोन मित्रही समोरासमोर होते. मतदाराने विचार पाहून मत द्यायचे ठरवले असते, तर त्याला कोणत्या बाजूने कोणता विचार उभा आहे हे सांगणारा माणूस सापडला नसता. लोकांनी शेकापला निवडून दिले आणि त्या निवडणुकीत साऱ्या राज्यातून शेकापची निवडून आलेली ती एकमेव जागा ठरली.

सांगोला तालुक्यात माझे आजोळ आहे, त्यामुळे या निकालाकडे मी इतर निकालांपेक्षा अधिक वेळ पाहत बसलो. गेली काही वर्षे महाराष्ट्रातल्या राजकारणावर कुठेही बोलणे निघाले की एकच प्रश्न पुढे येतो. नेत्यांनी विचारधारेसाठी आघाडी केली की खुर्चीसाठी? पक्ष सोडला तो हिंदुत्वासाठी, विकासासाठी, की चौकशीच्या भीतीने? या प्रश्नाचे उत्तर नेत्याच्या मनात डोकावल्याशिवाय मिळत नाही, आणि तिथे डोकावण्याची सोय कोणालाच नाही. महत्त्वाकांक्षा राजकारणात कायमच होती, पुढेही राहील, आणि ती नसती तर कुणी निवडणुकीला उभेच राहिले नसते. मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. सत्तेत जाताना तुमच्या विचाराने काय मागितले, ते कुठे लिहून ठेवले, आणि ते मिळाले नाही तर तुमचा हिशेब मागणारा खाली कोणी आहे का? आघाड्यांचा सारा इतिहास या प्रश्नाने तपासला तर काही जुनी, बदनाम झालेली सरकारे वेगळी दिसू लागतात आणि काही अलीकडच्या गोष्टी अधिक दुखावतात.

बदनाम सरकारांत पहिले नाव 1978 च्या पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारचे, घ्यावे लागते. आणीबाणीनंतर काँग्रेस दुभंगली होती. त्या वर्षी फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत जनता पक्षाला 99, काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. जनता पक्षाला दूर ठेवण्यासाठी दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. दोन्ही गटांचे जमेना, आणि जुलैत मंत्रिमंडळातल्याच शरद पवारांनी आमदार बाहेर काढून जनता पक्ष, शेकाप आणि डावे यांच्या साथीने पुरोगामी लोकशाही दल उभे केले. 18 जुलै 1978 रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप तेव्हापासून त्यांच्यामागे लागला तो आजतागायत सुटलेला नाही. त्या सरकारात उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी यांच्यासारखे जनसंघातून आलेले नेते होते, आणि त्यांच्याच शेजारी एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख हे मार्क्सवादाची दीक्षा घेतलेले शेकापचे मंत्री बसत होते. विचारांचे अंतर मोजायचे म्हटले तर याहून लांबचे टोक सापडणे कठीण.

तरीही या सरकारच्या नावावर दोन गोष्टी आहेत ज्यांचे वजन मला आजही जाणवते. सत्तेवर येऊन दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. दुसरी गोष्ट रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना दुष्काळात तगली होती, तिचा कायदा आधीच्या काँग्रेस राजवटीत 1977 मध्ये झाला होता, पण तो प्रत्यक्ष अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी, पुलोदच्या काळात. मागेल त्याला काम देणे शासनावर बंधनकारक झाले, आणि त्याचा पैसा शहरातल्या पगारदार व व्यावसायिकांच्या व्यवसाय करातून यायचा होता. ज्या मंडळींचा पाया शहरी मध्यमवर्गात आणि व्यापाऱ्यांत होता त्यांनी, आणि ज्यांचा पाया कोरडवाहू शेतकऱ्यांत होता त्यांनी, एकाच मंत्रिमंडळात बसून ही जबाबदारी उचलली. या सरकारचा जन्म महत्त्वाकांक्षेतून झाला हे कोणी नाकारणार नाही. पण त्या महत्त्वाकांक्षेने सत्तेवर येताना काही देणी अंगावर घेतली होती, आणि ती वसूल करणारे लोक रस्त्यावर उभे होते.

नामांतराचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, नाहीतर पुलोदचे कौतुक अर्धवट आणि अप्रामाणिक ठरेल. ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली, माणसे मारली गेली. सरकारने अंमलबजावणी थांबवली. फेब्रुवारी 1980 मध्ये इंदिरा गांधींच्या केंद्र सरकारने पुलोद बरखास्त केले आणि ठराव कागदावर राहिला. त्यासाठी लाँग मार्च निघाले, तरुणांनी प्राण दिले, आणि अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला तेव्हा मुख्यमंत्रिपदावर पुन्हा शरद पवारच होते. साडेपंधरा वर्षे गेली. परंतु ठराव झालेला होता म्हणूनच ती मागणी कोणत्याही सरकारला विसरता आली नाही. सभागृहाने शब्द दिला आहे, तो पाळा, असे आंबेडकरी कार्यकर्ता प्रत्येक मुख्यमंत्र्याला सांगू शकत होता. आघाडी मोडली तरी तिचे कर्ज मागे उरले.

सांगोल्याकडे परत येतो, कारण गणपतराव देशमुखांच्या आयुष्यात हा धागा मला सर्वांत स्पष्ट दिसतो. 1962 मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण 11 वेळा सांगोल्याचे आमदार राहिले. पक्ष एकच, झेंडा एकच. आमदार असूनही एसटीने फिरणारा माणूस म्हणून राज्यभर त्यांची ओळख होती, पण आजोळच्या गावात त्यांच्याबद्दलची ओळख याहून वेगळी होती. तिथे ‘आबा’ म्हणजे पाण्याविषयी बोलणारा माणूस. माणदेशातला हा तालुका पर्जन्यछायेतला आहे. माण नदीचे पात्र वर्षातला बराच काळ कोरडे असायचे, उन्हाळ्यात जनावरांना छावणीत न्यावे लागायचे, आणि माझ्या आजीच्या बोलण्यात टँकर हा शब्द नातलगाच्या नावासारखा यायचा, त्याची वाट पाहिली जायची, तो आला नाही की काळजी केली जायची. कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणा, ही मागणी घेऊन नागनाथअण्णा नायकवडी, एन. डी. पाटील आणि गणपतराव यांनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी तिथे जमायचे, योजना कुठवर आली, निधी किती मिळाला, कोणत्या टप्प्याचे काम रखडले याचा हिशेब व्हायचा. पुढाऱ्यांनाही तिथे उत्तरे द्यावी लागत.

हे पाणी प्रत्यक्षात यायला सुरुवात कशी झाली, हे पाहिले की आघाड्यांच्या राजकारणाकडे पाहण्याची माझी नजर थोडी बदलते. 1995 मध्ये सांगोल्यात गणपतराव निसटत्या मतांनी पडले. त्यांना हरवणारे शहाजीबापू पाटील तेव्हा काँग्रेसचे होते. त्याच निवडणुकीत राज्यात काँग्रेसला 80, शिवसेनेला 73 आणि भाजपला 65 जागा मिळाल्या, आणि मनोहर जोशींचे युती सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. हे अपक्ष कोण होते? त्यांतले बरेच जण काँग्रेसने तिकीट नाकारल्यामुळे बंड करून निवडून आलेले होते, आणि त्यांतले कित्येक पश्चिम महाराष्ट्रातले होते. हिंदुत्वाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. त्यांना काँग्रेसवर राग होता, मंत्रिपदाची इच्छा होती, आणि त्यांच्या मतदारसंघात पाण्याचा प्रश्न होता. राज्याराज्यांत कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले पाणी 2000 सालापर्यंत अडवले आणि वापरले नाही तर हक्क जाण्याची भीती होती. 1996 मध्ये युती सरकारने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले, रोखे काढून पैसा उभा केला, आणि टेंभूसारख्या उपसा योजनांची कामे सुरू झाली. त्या योजनांत पुढे झालेला विलंब, वाढत गेलेला खर्च आणि गैरव्यवहाराचे आरोप हा स्वतंत्र आणि संतापजनक विषय आहे. पण पाणी मागणारे डावे होते, योजना हाती घेणारे सरकार उजवे होते, आणि त्या सरकारला तगवणारे काँग्रेसचे बंडखोर होते. तिघांच्याही वाट्याला आपापली महत्त्वाकांक्षा होतीच, परंतु पाण्याची मागणी इतकी नेमकी आणि इतकी मोठ्याने मांडलेली होती की कोणालाही तिला टाळून निघून जाता आले नाही.

1999 मध्ये गणपतराव पुन्हा निवडून आले आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात मंत्री झाले. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर राष्ट्रवादीची स्थापना जूनमध्ये झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसबरोबर सरकार बनले होते. शेकापने 2002 मध्ये या सरकारचा पाठिंबा काढला, त्याचे निमित्त रायगड जिल्ह्यातल्या राजकारणाचे होते. वैचारिक मतभेदापेक्षा जिल्हा परिषदेची कुरघोडी आघाडीला जास्त महागात पडू शकते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला ठाऊक असलेले सत्य तेव्हा राज्य सरकारच्या पातळीवर दिसले.

त्यानंतरच्या काळात एक बदल झाला ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ते अपात्र ठरत नसत, ती पक्षांतरबंदीतली सवलत गेली, आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा आली. महाराष्ट्रात 288 आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त 43 मंत्री. त्याआधी नाराज आमदाराला खुश ठेवण्यासाठी खाती वाढवता यायची, आता ती वाट बंद झाली. हेतू चांगला होता आणि मी त्या दुरुस्तीच्या बाजूचाच आहे. परंतु दोन किंवा तीन पक्षांनी मिळून सरकार करायचे आणि 43 जागा वाटायच्या, यात प्रत्येक पक्षातले दहा इच्छुक मागे राहणार हे ठरलेलेच. 2004 मध्ये राष्ट्रवादीला 71 आणि काँग्रेसला 69 जागा मिळाल्या, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले आणि राष्ट्रवादीने त्याच्या बदल्यात जास्तीची खाती घेतली. त्या सौद्याची सल त्या पक्षातल्या अनेकांच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिली. महत्त्वाकांक्षेला पदे अपुरी पडू लागली, तसा सौद्याचा भर कार्यक्रमावरून खात्यांवर, आणि मग खात्यांवरून मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांच्या वाटपावर सरकत गेला.

2014 मध्ये एकाच दिवशी, 25 सप्टेंबरला, शिवसेना-भाजपची युतीही तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही तुटली. तुटण्याचे कारण दोन्हीकडे जागावाटप होते. 2019 मध्ये मुख्यमंत्रिपदावरून युती मोडली आणि शिवसेनेने काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर महाविकास आघाडीचे सरकार केले, ती कहाणी सर्वांना पाठ आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. एवढेच नोंदवतो की महाविकास आघाडीने निदान एक समान किमान कार्यक्रम लिहून जाहीर केला होता, आणि डिसेंबर 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर झाली ती त्या वचनाला धरून होती. त्या कार्यक्रमाची प्रत मी आजोळच्या गावात एकाही कार्यकर्त्याच्या हाती पाहिली नाही. तीन पक्षांच्या नेत्यांनी सही केलेला तो कागद गावापर्यंत आलाच नाही, म्हणून सरकार पडले तेव्हा गावात कुणाला आपले काही मोडले असे वाटले नाही.

जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बंड केलेले शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. त्यांत सांगोल्याचे शहाजीबापूही होते, आणि तिथल्या झाडीचे, डोंगराचे वर्णन करणारे त्यांचे फोनवरचे बोलणे राज्यभर गाजले. लोक हसले. मला मात्र ते ऐकताना गलबलून आले होते, कारण माणदेशाच्या उजाड माळावर वाढलेल्या माणसाला हिरवा डोंगर पाहून जे वाटते ते मला ठाऊक आहे. बंडाचे कारण म्हणून हिंदुत्व पुढे केले गेले, आणि ते कोणाच्या मनात किती खरे होते हे ठरवायला मी जात नाही. मला खटकते ते हे की बंडातल्या नेत्यांनी अडीच वर्षे ज्या सरकारात मंत्री म्हणून काम केले, त्याच्याकडे हिंदुत्वाने नेमकी कोणती मागणी केली होती आणि कोणती नाकारली गेली, हे मतदाराला कुणी कलमवार सांगितले नाही. तसेच दुसऱ्या बाजूने, 25 वर्षे ज्या युतीत निवडणुका लढवल्या ती मुख्यमंत्रिपदावरून मोडताना आपल्या मतदाराला पुन्हा विचारायला हवे होते, असे उद्धव ठाकरे यांच्या बाजूच्या किती जणांना वाटले?

त्यापुढच्या न्यायालयीन लढाईतला एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. संघटनेतल्या बहुमताची कसोटी विश्वासार्ह ठरत नाही असे म्हणून आयोगाने लोकप्रतिनिधींच्या बहुमतावर भर दिला. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की सभागृहात आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की पोकळी दिसते. पक्ष म्हणजे केवळ आमदार नव्हेत, असे न्यायालय म्हणते. मग पक्ष म्हणजे कोण, असे विचारायला गेले तर गावोगावच्या सदस्यांची विश्वासार्ह नोंद नाही, अंतर्गत निवडणुका नाहीत, तालुका समितीचे मत घेतल्याचा कागद नाही. ज्याने तीस वर्षे भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, पोलीस केसेस अंगावर घेतल्या, तो कार्यकर्ता पक्ष कोणाचा या वादात मोजलाच गेला नाही. हे एकाच पक्षाचे दुखणे नाही.

हा कार्यकर्ता कसा दिसतो हे पाहायचे असेल तर माघारीच्या दिवशी कचेरीबाहेर उभे राहावे. 2024 मध्ये तो दिवस 4 नोव्हेंबर होता आणि वेळ दुपारी तीनपर्यंतची. मी आमच्या भागातल्या एका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या सावलीत उभा होतो. एका बंडखोर इच्छुकाचे लोक तिथे घोळक्याने थांबले होते. आघाडीत जागा मित्रपक्षाला सुटली होती, पण याने एबी फॉर्मशिवाय, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाशिवाय, अर्ज ठेवला होता. दर दहा मिनिटांनी फोन वाजायचा, तो बाजूला जाऊन बोलायचा, परत येऊन कोणाकडेच पाहायचा नाही. मंडळींत कुजबुज होती, ‘वरनं शब्द मिळालाय’, कुणी म्हणे महामंडळ, कुणी म्हणे झेडपीला पत्नीला तिकीट. अडीचच्या सुमारास तो आत गेला आणि सही करून बाहेर आला. घोळक्यातल्या एका पांढऱ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला मी विचारले, आता तुम्ही कोणाचे काम करणार? तो शांतपणे म्हणाला, ‘सांजच्यापतूर सांगत्याली की. आम्हास्नी इचारून कुठं काय हुतंय.’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले. त्याच्या खिशात पक्षाचा बिल्ला होता, आणि त्या दिवशी ज्याचे काम करायला सांगितले जाणार होते त्याच्याविरुद्ध त्याने मागच्या निवडणुकीत घरोघरी प्रचार केलेला होता.

वरच्या नेत्यांनी कार्यकर्त्याला गृहीत धरले की कधी कधी मतदारसंघच उत्तर देतो. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीत सांगलीची जागा ठाकरे यांच्या शिवसेनेला गेली आणि पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार झाले. काँग्रेसचे विशाल पाटील, वसंतदादांचे नातू, अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. त्यात घराण्याचा वारसा होता, दादांविषयीची जुनी माया होती, आणि आपल्या जिल्ह्याचा निर्णय मुंबईत होतो याचा रागही होता. सांगोल्यात सहा महिन्यांनी जे झाले त्यात याच रागाचा अंश असावा असे मला वाटते.

गणपतरावांचे गुणगान करून थांबणे मात्र मला पटणार नाही. त्यांच्या निष्ठेला तोड नव्हती, पण त्यांच्या हयातीतच त्यांचा पक्ष राज्यात आक्रसत गेला. 1978 मध्ये 13 आमदार असलेला शेकाप पुढे रायगड आणि सांगोला अशा काही ठिकाणांपुरता उरला. एका माणसाच्या सचोटीवर तालुका टिकतो, पक्ष टिकत नाही, आणि 2019 मध्ये ते निवडणुकीतून बाजूला झाले तेव्हा उमेदवारी नातवाकडेच गेली. तेव्हा अनिकेत देशमुख अवघ्या 768 मतांनी हरले आणि 2024 मध्ये दुसरे नातू जिंकले. घराणेशाहीवर टीका करणाऱ्या डाव्या पक्षाने याचे उत्तर द्यायला हवे. आबांनंतर पाण्याचा हिशेब मांडणारा दुसरा कार्यकर्ता तालुक्यात का तयार झाला नाही, हा प्रश्न शेकापच्या हितचिंतकांनीच विचारायला हवा.

गेल्या खेपेस आजोळी गेलो तेव्हा मामेभाऊ मला उपसा योजनेच्या पोटचारीवर घेऊन गेला. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलेले होते आणि त्याच्या डाळिंबाच्या बागेपर्यंत पाणी आले होते, शेजारच्या वाडीला मात्र अजून पोचले नव्हते. वाडीतल्या दोघा-तिघांनी मला सांगितले की उमेदवार मते मागायला आले तेव्हा त्यांनी एकच विचारले. आवर्तन कधी, किती दिवसांचे, वीजबिल कोण भरणार आणि आमच्या वाडीची चारी कोणत्या वर्षी. उत्तरे त्यांनी एका शाळकरी मुलाच्या वहीत उमेदवारांच्या नावांसकट लिहून घेतली आहेत. पक्षाचे नाव त्यांनी त्यात लिहिलेले नाही. मी कारण विचारले तर म्हणाले, पक्ष पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणता असेल ते आत्ता कसे लिहायचे.